लोकांचा आनंद

दर वर्षी २० जानेवारी रोजी रिओ दि जानेरो शहर आपल्या आश्रयदात्या संताचा, संत सेबॅस्टियन यांचा सण साजरा करते. पोर्तुगीजांनी १५६५ साली हे शहर वसवले, तेव्हा त्याला याच रक्तसाक्षी संताचे नाव दिले. सणाच्या दिवशी शहराला सुट्टी असते, मिस्सा होतात, मिरवणूक निघते. १९८३ सालच्या त्या सणाच्या दिवशी सकाळी, शहरातील एका रुग्णालयात एकोणपन्नास वर्षांच्या एका माणसाने प्राण सोडला. आदल्या दिवशी त्याला मद्यामुळे बेशुद्ध झालेल्या अवस्थेत तेथे आणण्यात आले होते. तशी ती पहिलीच वेळ नव्हती. हा माणूस म्हणजे मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जग त्याला गारिंचा म्हणून ओळखते. ब्राझीलला दोनदा विश्वचषक मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता आणि त्याच्या देशबांधवांनी त्याला एक वेगळीच पदवी दिली होती : लोकांचा आनंद.

ज्याने लक्षावधी लोकांना हसवले, त्याच्या आयुष्याचा शेवट असा का व्हावा? ‘दारूने त्याचा नाश केला’ हे उत्तर खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे.

गारिंचाचा जन्म १९३३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात रिओजवळच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या पाव ग्रांदे या गावी झाला. गाव कसले, ती एका कापडगिरणीची वसाहत होती. घरे गिरणीची, मैदान गिरणीचे, आणि पोटापाण्याचा आधारही गिरणीच. वडील तेथेच पहारेकरी होते. मुलगा लहानखुरा आणि रानात रमणारा. त्या भागात गारिंचा नावाचा एक चिमुकला तपकिरी पक्षी आढळतो. त्यावरून बहिणीने त्याला हाक मारायला सुरुवात केली आणि तेच नाव जन्मभर त्याला चिकटले. त्याचे पाय जन्मतः वाकडे होते. उजवा पाय आतल्या बाजूला वळलेला, डावा बाहेरच्या बाजूला, शिवाय एक पाय दुसऱ्याहून आखूड. असा मुलगा धड चालू शकला तरी पुष्कळ, असेच कोणालाही वाटले असते. पण हाच मुलगा चेंडू घेऊन धावू लागला, की तो कोणत्या बाजूला वळणार हे समोरच्याला कधीच कळत नसे.

आणखी एक वारसा त्याला घरातून मिळाला होता. वडील दारूच्या पूर्ण आहारी गेलेले होते. उसाच्या रसापासून काढलेली काशासा नावाची दारू त्या मुलखात मुबलक मिळे आणि स्वस्तही. मध व दालचिनी घालून ती औषध म्हणून तान्ह्या मुलांनाही पाजण्याची तेथे रीत होती. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आईबापांनी मायेपोटीच ती पाजली असेल. पण ज्या मुलाच्या रक्तात वडिलांची ओढ आहे, त्याच्या जिभेला ही चव पाळण्यातच लागली, हे विसरून त्याच्या पुढील आयुष्याचा न्यायनिवाडा करता येणार नाही.

चौदाव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. कामात त्याचे लक्ष नसे. तरीही गिरणीच्या संघाला त्याच्या पायांची गरज होती, म्हणून त्याची नोकरी टिकली. १९५२ साली नाईर या गिरणीतील मुलीशी त्याचे लग्न झाले. पुढील वर्षी कोणीतरी त्याला रिओच्या बोताफोगो क्लबात चाचणीसाठी नेले. त्याच्यासमोर बचावाला उभा होता निल्तन सांतोस, त्या काळातील अत्यंत नामवंत बचावपटू. या वाकड्या पायांच्या पोराने त्याची भंबेरी उडवली. सांतोस मोठ्या मनाचा माणूस. अपमान वाटून न घेता त्याने क्लबच्या चालकांना सांगितले, की या मुलाला ताबडतोब घ्या. उद्या याच्याविरुद्ध खेळण्याची पाळी माझ्यावर येऊ नये. १९५३ च्या जुलैमध्ये बोताफोगोतर्फे खेळलेल्या पहिल्याच सामन्यात गारिंचाने तीन गोल केले.

१९५८ चा विश्वचषक स्वीडनमध्ये होता. ब्राझीलच्या संघाबरोबर एक मानसशास्त्रज्ञही होते. त्यांनी खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि गारिंचाची बुद्धी व जबाबदारीची जाणीव अशा सामन्यांना पुरेशी नाही, असा निष्कर्ष काढला. सतरा वर्षांचा पेलेही त्यांना पोरकट वाटला होता. पहिले दोन सामने दोघेही बाहेर बसले. १५ जून रोजी सोव्हिएत संघाविरुद्ध दोघांना मैदानात उतरवण्यात आले. पहिल्याच मिनिटात गारिंचाने तीन-चार बचावपटूंना चकवून मारलेला चेंडू गोलखांबावर आदळला. लगेच पेलेचाही फटका तसाच खांबाला लागून परतला. आणि तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. फुटबॉलच्या इतिहासातील ही सर्वोत्तम तीन मिनिटे, असे जाणकार आजही म्हणतात. अंतिम सामन्यात स्वीडनने आधी गोल केला, तेव्हा उजव्या बगलेने धावत जाऊन गारिंचाने दोन वेळा जवळजवळ सारखाच पास दिला आणि वावाने दोन्ही वेळा गोल केले. ब्राझील ५-२ असे जिंकले. देशाचे हे पहिलेच विश्वविजेतेपद.

चार वर्षांनी चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला आणि संघाची सगळी भिस्त गारिंचावर आली. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध दोन गोल. आणि अंगात ताप असतानाही तो चेकोस्लोव्हाकियाविरुद्धचा अंतिम सामना खेळला. ब्राझीलने तोही ३-१ असा जिंकला. मात्र आकड्यांवरून लोकांच्या प्रेमाचे कारण कळत नाही. एखाद्या बचावपटूला चकवून पुढे गेल्यावर गारिंचा कधी कधी थांबे, त्याला परत येऊ देई आणि पुन्हा चकवी. प्रेक्षक खो-खो हसत. त्या हसण्यात द्वेष नसे. गिरणीत, गोदीत, झोपडपट्टीत आठवडाभर राबलेली माणसे रविवारी आपल्यातल्याच एका वाकड्या पायांच्या माणसाला भल्याभल्यांची खोड मोडताना पाहत. तो त्यांच्या वतीने खेळत होता.

त्या आनंदाची किंमत मात्र त्याचे गुडघे मोजत होते. वाकड्या पायांवर पडणारा भार आणि विरोधकांच्या लाथा यांमुळे सांध्यांची झीज झाली होती. त्याला विश्रांतीची गरज होती. पण परदेश दौऱ्यात गारिंचा संघात असला, की क्लबला मिळणारे मानधन वाढत असे. म्हणून गुडघ्यातील पाणी काढून, वेदनाशामक इंजेक्शने देऊन त्याला खेळवण्यात आले. करारावरचा आकडा न पाहता तो सही करी, आणि त्याच्याहून कमी गुणवत्तेचे खेळाडू त्याच्याहून अधिक कमावत. १९६२ च्या डिसेंबरमध्ये फ्लामेंगोविरुद्धचा अंतिम सामना त्याने जवळजवळ एकट्याने जिंकून दिला. त्यानंतर तो खेळ पुन्हा दिसला नाही. १९६४ साली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा फार उशीर झाला होता. १९६६ च्या विश्वचषकात हंगेरीविरुद्ध ब्राझील हरले. राष्ट्रीय संघातर्फे पन्नास सामने खेळलेल्या गारिंचाने पाहिलेला तो एकमेव पराभव, आणि तोच त्याचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना.

येथपर्यंतची कथा सांगताना आपली सहानुभूती पूर्णपणे त्याच्या बाजूला झुकते. पण सत्याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे हा त्याच्या घरच्यांवर अन्याय होईल. पाव ग्रांदेत नाईर आठ मुलींना वाढवत होती. गारिंचाचे इतर स्त्रियांशी संबंध होते आणि त्यांतून अपत्येही झाली होती. १९६२ च्या सुमारास प्रसिद्ध सांबा गायिका एल्झा सोआरिस हिच्याशी त्याचे प्रेम जुळले आणि पुढे त्याने नाईरचे घर सोडले. घटस्फोटाचा कायदा ब्राझीलमध्ये १९७७ च्या अखेरीपर्यंत नव्हता. सारा देश खवळला; पण त्या रागाचा रोख गारिंचावर नव्हे, एल्झावर होता. झोपडपट्टीत वाढलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेला लोकांनी शिव्याशाप दिले, घर फोडणारी व पैशाला सोकावलेली ठरवले. वस्तुतः गारिंचाची मिळकत आटल्यावर तिच्याच गाण्यांवर घर चालत होते. त्याला दारू देऊ नका, अशी विनवणी करत ती आसपासच्या गुत्त्यांतून फिरत असे.

१३ एप्रिल १९६९ रोजी गारिंचा चालवत असलेली मोटार महामार्गावर एका ट्रकला धडकली. गाडीत एल्झाची आई होती. ती जागीच ठार झाली. या घटनेनंतर तो कधीच सावरला नाही. स्वतःचा जीव घेण्याचाही त्याने प्रयत्न केला. दोघे काही काळ इटलीत जाऊन राहिली, परत आली. १९७६ साली त्यांना मुलगा झाला. पण दारू सुटली नाही. नशेत तो एल्झाला मारहाण करू लागला, आणि १९७७ साली ती मुलाला घेऊन निघून गेली. तो मुलगाही पुढे १९८६ साली, अवघ्या नऊ वर्षांचा असताना, मोटार अपघातात दगावला.

व्यसन हा रोग आहे, हे आज आपण जाणतो. परंतु रोग्याच्या हातून घडलेल्या जखमा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. ज्या घरात दारू शिरली आहे, त्या घरातील माउलीला हे समजावून सांगावे लागत नाही. गारिंचाची दया येऊन नाईर, एल्झा आणि त्या मुलींना आपण विसरलो, तर ती ख्रिस्ताने शिकवलेली करुणा नव्हे. तसेच, सगळा दोष एकट्या गारिंचावर टाकून इतरांना मोकळे सोडले, तर तो न्यायही नव्हे.

इतर म्हणजे कोण? १९ डिसेंबर १९७३ रोजी त्याच्या मदतीसाठी माराकाना मैदानावर एक सामना भरवण्यात आला. त्याला नाव दिले होते ‘कृतज्ञतेचा सामना’. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक आले. गारिंचा थोडा वेळ खेळला, त्याने मैदानाला फेरी मारली, लोकांनी अश्रू ढाळले आणि ते घरोघर गेले. पुढे १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेरा या सांबा पथकाने सत्कारासाठी त्याला चित्ररथावर बसवले. औषधांच्या अमलाखाली, शून्य नजरेने बसलेला गारिंचा अवघ्या देशाने पाहिला. ज्यांनी त्याला रथावर चढवले, त्यांच्या मनात प्रेमच होते. पण आजारी माणसाला रथ नको होता.

शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला. येथे तर लक्षावधी लोक परत आले. परंतु प्रत्येक वेळी टाळ्या वाजवून निघून गेले. त्याच्या पेल्यात दारू ओतणारेही त्याचे चाहतेच होते. गारिंचाबरोबर एक पेला प्यालो, हे सांगण्यात त्यांना अभिमान वाटे. कृतज्ञतेला उत्सव करणे सोपे जाते. एखाद्याच्या उशाशी बसून राहणे तिला जड जाते.

मृत्यूनंतर त्याचे शव माराकानावर ठेवण्यात आले. हजारो लोकांनी दर्शन घेतले. मग अग्निशामक दलाच्या गाडीवरून, दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीतून, त्याला पाव ग्रांदेला नेले आणि जवळच्या दफनभूमीत कुटुंबाच्या साध्या थडग्यात पुरले. राजधानी ब्राझिलियातील भव्य स्टेडियमला त्याचे नाव आहे. २०१४ च्या विश्वचषकासाठी ते प्रचंड खर्च करून नव्याने बांधण्यात आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१७ साली, एक बातमी आली. त्याचे अवशेष दफनभूमीत नेमके कोठे आहेत, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. कधीतरी ते थडग्यातून हलवले गेले असावेत, पण त्याची कागदोपत्री नोंदच नव्हती.

एल्झा सोआरिस २०२२ साली एक्याण्णव वर्षांची होऊन वारली. तो दिवसही २० जानेवारीचाच होता, संत सेबॅस्टियन यांच्या सणाचा. एवढे सोसूनही ती अखेरपर्यंत गारिंचाबद्दल प्रेमाने बोलत असे.

२ नोव्हेंबरला आपण आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. ज्यांची थडगी कोणाला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठीही ख्रिस्तसभा त्या दिवशी प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत गारिंचा आहे, नाईर आहे, एल्झा आणि तिची आईही आहे. त्या दिवशी दफनभूमीतून परतताना आपल्याच आळीतल्या एखाद्या हसवणाऱ्या, गाणाऱ्या, खेळणाऱ्या आणि संध्याकाळी एकटाच गुत्त्याकडे वळणाऱ्या माणसाची आठवण झाली, तर त्याच्या घराचे दार वाजवावे. त्याच्यासाठी, आणि दार उघडणाऱ्या त्याच्या पत्नीसाठीही.