तांब्यावरचा शक ५५३

मंडळी, शेताचा कागद हातात आला की तुम्ही आधी काय पाहता? नाव अन् तारीख. ताम्रपट वाचणाराही तेच पाहतो. राजाने दिलेल्या जमिनीचा तांब्यावर कोरलेला कागदच तो!

असा एक ताम्रपट सातपुड्यापलीकडे, मुलताई भागातल्या तिवरखेडला मिळाला. रायबहादूर हिरालाल यांनी तो वाचून छापला. दान देणारा राष्ट्रकूट नन्नराज, दान दिले अचलपुराहून, अन् काळ शक ५५३, म्हणजे इ. स. ६३१. आपल्या गावाला याहून मोठा मान कोणता?

पण अक्षरे लागली तरी हिशेब लागेना. खुद्द मुलताईला मिळालेल्या दुसऱ्या ताम्रपटात राजाचे नाव नंदराज. बाप, आजा, पणजा मात्र तेच: स्वामिकराज, गोविंदराज, दुर्गराज. अन् शक ६३१! मधे ७८ वर्षे. पहिल्या दानाच्या वेळी राजा वीस वर्षांचा धरला, तर दुसऱ्या वेळी अठ्ठ्याण्णवचा होतो. (गुरुजी, शक अन् इसवी सनातले अंतरही ७८च, पण तो निव्वळ योगायोग. कोरणाऱ्याला इसवी सन कुठला ठाऊक?)

नन्न वेगळा, नंद वेगळा, असे काहींनी मानून पाहिले. मग अकोला जिल्ह्यातल्या सांगळूदचा ताम्रपट पुढे आला. त्यात नन्नराजच, पण शक ६१५. सांगळूद अन् मुलताई यांचा मेळ बसतो; तिवरखेड एकटे पडते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिवरखेडचा ताम्रपट बनावट ठरविला तो यामुळेच. जमिनीचे खोटे कागद काही आजचे नाहीत, बरं का! जुन्या राजाचे नाव घालून तांबे कोरले की हक्क जुना दिसे.

मग अचलपूरचा मान गेला काय? मला तसे वाटत नाही. खोटा कागद करणारा ठिकाण मात्र नामांकितच घालतो. ज्या गावाला कुणी ओळखत नाही, तिथून राजाचे दान निघाले असे कोण मानील?

शिवाय दुसरा साक्षीदार आहेच. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात एक नियम केवळ या गावासाठी आहे: अचलपुरातले 'च' आणि 'ल' जागा बदलतात, अन् होते अलचपूर. पुढचे एलिचपूर त्याच वाटेने आलेले दिसते.