देवमासा, घोट्याचं हाड आणि मामांचा प्रश्न

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत अडकलं होतं. आमच्या घरच्या ग्रुपवर त्याचे व्हिडिओ फिरत होते. मी सवयीने लिहिलं, "हा मासा नाही बरं का. सस्तन प्राणी आहे, आणि याचे पूर्वज चार पायांवर चालायचे." पाच मिनिटांत मामांचा फोन. "अगं, पाच कोटी वर्षांपूर्वीचं म्हणतेस, मग ते बघायला तिथे होतं कोण?"

मामा चेष्टा करत नव्हते. प्रश्न योग्यच आहे. माझी पीएचडी सस्तन प्राण्यांच्या कानाच्या हाडांवर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला या ना त्या रूपात नेहमी भेटतो. त्याचं उत्तर "पुस्तकात लिहिलंय" असं देता येत नाही. म्हणून आज देवमाशाच्या पूर्वजांचा शोध कसा लागला, तो इतिहास सांगते. त्यात शास्त्रज्ञ बरीच वर्षं चुकीच्या वाटेवर होते. मला तोच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात देवमाशाच्या शरीरापासून करू. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. पोहताना मासा शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. चौखूर धावणाऱ्या प्राण्याची पाठ जशी वर-खाली वाकते, तशीच ही हालचाल. त्याच्या वल्ह्यासारख्या परात कोपराच्या वरचं एक हाड, खालची दोन, मनगट आणि बोटं आहेत, आपल्या हातातल्यासारखीच. मागचे पाय नाहीत, पण मांसात खोलवर कंबरेच्या हाडांचे छोटे अवशेष असतात. डॉल्फिनच्या गर्भात तर मागच्या पायांचे अंकुर आधी फुटतात आणि मग विरून जातात.

म्हणजे जमिनीवरचा प्राणी पाण्यात गेला, एवढं शरीरच सांगतं. पण कोणता प्राणी?

१८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये डार्विनने एक अंदाज केला. उत्तर अमेरिकेत एक काळं अस्वल तासन् तास तोंड उघडं ठेवून पोहत पाण्यातले किडे पकडताना दिसल्याची नोंद होती. अशा अस्वलांपासून देवमाशासारखा प्राणी घडणं अशक्य नाही, असं त्याने लिहिलं. त्यावर इतकी टिंगल झाली की पुढच्याच आवृत्तीत त्याने हा अंदाज काढून टाकला. १८८३ मध्ये विल्यम फ्लॉवर या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने वेगळं नाव पुढे केलं. त्याच्या मते देवमाशांचं नातं खूर असलेल्या प्राण्यांशी होतं.

विसाव्या शतकात मात्र दोन गट पडले. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी दातांच्या आधारे मांडलं की देवमासे मेसोनिकिड या नामशेष गटातून आले. मेसोनिकिड म्हणजे लांडग्यासारखे दिसणारे, मांस खाणारे, पण पायाला खूर असलेले प्राणी. त्यांचे त्रिकोणी दात जुन्या देवमाशांच्या दातांशी खरंच खूप जुळतात. जीवाश्मांवर काम करणाऱ्या बहुतेकांना हे पटलं.

रेणूंवर काम करणारे वेगळंच सांगत होते. १९५० मध्येच रक्तातल्या प्रथिनांच्या चाचणीत देवमासे समखुरी प्राण्यांच्या, म्हणजे गाय, डुक्कर, उंट, हरीण यांच्या जवळचे निघाले होते. १९९० च्या दशकात डीएनएने आणखी नेमकं सांगितलं: आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वात जवळचा नातेवाईक पाणघोडा. हाडंवाल्यांचा यावर विश्वास बसेना. दात एक सांगतात आणि डीएनए दुसरं, म्हणजे कोणीतरी चुकतंय.

आता गंमत बघा. वाद सुटेल अशी एक जागा दोन्ही बाजूंना माहीत होती: घोटा. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातल्या एका हाडाला वर आणि खाली अशी दोन्ही टोकांना विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच असते. हे समखुरींचं खास लक्षण आहे. मेसोनिकिडांच्या घोट्यात ही दुहेरी कप्पी नव्हती. म्हणजे पाय असलेला देवमासा सापडला आणि त्याचा घोटा मिळाला, की निकाल लागणार. पण आजच्या देवमाशांना घोटाच नाही!

आता आपल्या उपखंडाकडे या. भारताचा भूभाग उत्तरेला आशियाकडे सरकत होता, तेव्हा मधल्या टेथिस समुद्राच्या उथळ काठांवर हे प्राणी राहत होते. म्हणूनच त्यांची हाडं कच्छ, काश्मीर आणि पाकिस्तानात मिळतात. १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छमधल्या प्राचीन देवमाशांचं वर्णन केलं. १९८१ मध्ये फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानातल्या 'पाकिसीटस'ची कवटी जगासमोर आणली. १९९४ मध्ये हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी दणकट पायांचा 'अ‍ॅम्ब्युलोसीटस' मांडला.

शेवटी सप्टेंबर २००१ मध्ये, एकाच आठवड्यात, गिंगरिच आणि थेविसन यांच्या गटांचे दोन स्वतंत्र शोधनिबंध आले. दोघांकडेही पाय असलेल्या देवमाशांचे घोटे होते आणि दोन्हींत दुहेरी कप्पी होती. डीएनएवाले बरोबर ठरले. गिंगरिच स्वतः आधी मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. स्वतःच खणून काढलेल्या हाडाने त्यांना मत बदलायला लावलं आणि त्यांनी ते बदललं.

एक दुवा अजून राहिला होता: समखुरींमधला देवमाशांचा अगदी जवळचा नामशेष नातेवाईक कोण? रंगा राव या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट इथून जीवाश्म गोळा केले होते. १९७१ मध्ये त्यांतल्या थोड्या दातांवरून आणि जबड्याच्या तुकड्यांवरून त्यांनी एका लहान समखुरी प्राण्याला 'इंडोहायस' नाव दिलं. बरेचसे दगड मात्र तसेच पडून राहिले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते जपले आणि पुढे थेविसन यांच्या हाती दिले. प्रयोगशाळेत साफसफाई करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला आणि आतलं हाड दिसलं.

इथे माझा विषय येतो! देवमाशांच्या कानाच्या हाडाची आतली भिंत विलक्षण जाड असते. हे लक्षण तोवर फक्त देवमाशांतच माहीत होतं. ते आता मांजराएवढ्या, खूर असलेल्या इंडोहायसमध्ये दिसत होतं. २००७ मध्ये थेविसन, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच्या पायाची हाडंही आतून भरीव होती, पाणघोड्यासारखी, म्हणजे पाण्यात तळाशी राहायला उपयोगी. दिसायला तो साधारण आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणासारखा असावा. पिसोरीचा आफ्रिकेतला एक नातेवाईक आजही धोका दिसला की पाण्यात बुडी मारतो.

इंडोहायस हा देवमाशांचा पणजोबा नव्हे. तो सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तोवर पाकिसीटससारखे देवमासे होऊनही गेले होते. त्याला चुलत घराण्यातला म्हणा. चुलतभावांचा चेहरा जुळला तर दोघांचे आजोबा कसे दिसत असतील याचा अंदाज येतो, तसंच हे.

तर मामा, तिथे बघायला कोणी नव्हतं. पण त्या घोट्यात दुहेरी कप्पी नसती, तर डीएनएवाले तोंडघशी पडले असते. पुरावा म्हणजे केवळ आपल्या बाजूची हाडं गोळा करणं नाही. आपण चुकलो तर ते कुठे दिसेल, ते आधी सांगायचं आणि मग तिथे खणायचं.

२०२३ मध्येच एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो धडा आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणारी मुलं त्याच्यापर्यंत पोचणारच नाहीत. मामांसारखा प्रश्न त्यांनाही पडेल. तो कसा तपासायचा, हे मात्र त्यांना वर्गात कोणी दाखवलेलं नसेल.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते घोट्याचं हाड बकरीतही असतं म्हणालीस ना? रविवारी ये. मटण आणतो, काढून दाखव."