घरविक्रीचा अनुशय

घर विकण्याचें ठरविणें आणि तें खरोखर हातावेगळें करणें, या दोहोंच्या मध्यें कांहीं रात्री असतात. सौदा ठरतो, इसार घेतला जातो. आणि माजघराच्या उंबरठ्याशीं बसलेल्या गृहस्थास वाटूं लागतें कीं, आपण हें काय करून बसलों! मनाच्या या पालटास प्राचीन धर्मशास्त्रानें एक अर्थपूर्ण नांव दिलें आहे : अनुशय. मनूनें सांगितलेल्या व्यवहाराच्या अठरा पदांत क्रयविक्रयानुशय हें एक स्वतंत्र पद आहे.

पश्चात्ताप हा मनुष्यस्वभावच होय, हें ओळखून मनूनें त्यास दहा दिवसांची मुदत दिली. तेवढ्या अवधींत विकणारानें वस्तु परत घ्यावी, किंवा घेणारानें ती परत करावी. दोघांचा हक्क सारखाच. मुदत टळल्यावर जो व्यवहार उलटवील, त्यास सहाशें पण दंड. कात्यायनानें हीच दहा दिवसांची मर्यादा भूमीच्या व्यवहारास स्पष्टपणें लावली.

कौटिल्याची दृष्टि अधिक व्यवहारी. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत ही मुदत धंद्यागणिक निराळी आहे : व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन, गुराख्यास पांच. ज्याचा नित्याचा उद्योगच क्रयविक्रयाचा, त्यास विचाराला वेळ थोडा! घराविषयीं तर विक्रीपूर्वींच सावधगिरी योजिली आहे. खरेदीचा पहिला मान आप्तांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा. त्यानंतर आसपासच्या चाळीस कुळांसमक्ष, घरापुढेंच, किंमतीचा तीन वेळां पुकारा करावयाचा. कोणीं हरकत घेतली नाहीं, तरच सौदा पुरा. तो पुकारा ऐकतां ऐकतां विकणारासही आपलें मन नीट उमगत असेल.

इंग्रजी अमदानींत ही व्यवस्था पालटली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें नुसत्या करारानें मिळकतींत हक्क उत्पन्न होत नाहीं. शंभर रुपये किंवा अधिक किंमतीच्या घरास नोंदलेलें खरेदीखत लागतें. म्हणजे साठेखत झालें, तरी घर विकणाराचेंच. परंतु इसार परत केला म्हणजे तो सुटला, असें मात्र नव्हे. १८७७ च्या विशिष्ट निवारणाच्या कायद्यानें असें गृहीत धरलें होतें कीं, स्थावराच्या बाबतींत पैशाची भरपाई सामान्यतः पुरी पडत नाहीं. म्हणून न्यायालय करार पुरा करावयास लावूं शके. विकणारावर अकल्पित आपत्ति कोसळणार असेल, तर नकार देण्याची मुभाही न्यायाधीशास होती. १९६३ च्या नव्या कायद्यानें ती राखली. २०१८ च्या दुरुस्तीनें ती बहुतांशीं काढून घेतली.

यांत कठोरपणा आहे, पण अन्याय आहे असें सरसकट म्हणवत नाहीं. घेणारानेंही त्या शब्दावर विसंबून कर्ज काढलेलें असतें, जुनें बिऱ्हाड मोडलेलें असतें. जुन्या शास्त्रकारांनीं दोघांस सारखेच दिवस दिले, तें याच जाणिवेनें. आज ते दहा दिवस कायद्यांत उरले नाहींत. ते ज्याचे त्यानेंच, साठेखतावर सही करण्यापूर्वीं, पाळावयाचे आहेत.