साकिया, सेकिया आणि गुरुवारचे न्यायालय

उर्दूच्या तासाला मी मुलींना अधूनमधून शब्दांची घराणी सांगते. सीन, काफ, ये ही तीन अक्षरे घ्या. यांतून साकी होतो, म्हणजे पाजणारा. यांतूनच सक्का होतो, म्हणजे पखालीतून पाणी आणणारा भिश्ती. आणि याच घराण्यातला तिसरा शब्द साकिया, म्हणजे शेताला पाणी नेणारा पाट. साकीचे नाव निघाले की वर्गात हसू पिकते, कारण गझलेतला साकी सगळ्यांच्या ओळखीचा. पाटाचे कोणाला काही वाटत नाही. पण या तिघांत सर्वांत लांबचा प्रवास पाटानेच केला. अरबीतला 'अस-साकिया' स्पॅनिशमध्ये 'आसेकिया' झाला, व्हॅलेन्सियाच्या भाषेत 'सेकिया' झाला, आणि पुढे स्पॅनिश वसाहतकऱ्यांबरोबर जहाजात बसून अमेरिकेला गेला. न्यू मेक्सिकोत आजही शेकडो पाट आसेकिया म्हणून ओळखले जातात आणि त्यांचे हिस्सेदार वसंतात एकत्र येऊन गाळ काढतात.

आज सांगायचे आहे ते व्हॅलेन्सियाबद्दल. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे शहर. शेजारून तुरिया नदी वाहते. नदीचे एक जुने नाव ग्वादालाव्हियार, म्हणजे वादी-अल-अब्यद, पांढरी नदी. शहराभोवतीच्या बागायतीला तिथे 'हुएर्ता' म्हणतात. पाऊस कमी, उन्हाळा कडक, आणि नदीचे पाणी सगळ्यांना हवे असते. इथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या प्रेषितांच्या दारासमोर एक न्यायालय भरते. न्यायाधीश कोण? शेतकरी. नदीतून निघणाऱ्या पाटांच्या हिस्सेदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून लाकडी खुर्च्यांवर गोलाकार बसतात. वकील नाही, कागद नाही. कोणी दुसऱ्याच्या पाळीत पाणी घेतले, कोणी पाट फुटू दिला, कोणी शेजाऱ्याच्या पिकात पाणी सोडले, अशी प्रकरणे तोंडी चालतात आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. ज्या पाटाचे प्रकरण असेल त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. आरोपी नदीच्या उजव्या तीरावरचा असेल तर शिक्षा डाव्या तीरावरचे सुचवतात. हा नियम मला फार आवडतो. आपल्या माणसाला वाचवण्याचा मोह माणसाला होतोच, हे धरूनच तो केलेला आहे.

परंपरा सांगते की हे न्यायालय इ. स. ९६० च्या सुमाराचे, कॉर्डोबाच्या खलिफांच्या काळातले. १९६० मध्ये त्याची हजार वर्षे साजरीही झाली. या तारखेला समकालीन कागदाचा आधार नाही. १८१३ मध्ये काडिझच्या संसदेत विशेष न्यायालये बंद करण्याची चर्चा चालू असताना बोर्रुल नावाच्या प्रतिनिधीने या न्यायालयाची बाजू मांडली आणि त्याचे मूळ त्या काळापर्यंत नेले. गुरुवारच का, याचेही उत्तर परंपरेनेच दिले आहे: दुसऱ्या दिवशी जुमा. आणि चर्चच्या बाहेर का? कारण ते चर्च जुन्या जामा मशिदीच्या जागेवर उभे आहे, आणि चर्च झाल्यावर आत जाऊ न शकणारे मुसलमान शेतकरी दारात बसू लागले. गोष्ट गोड आहे. इतिहास शिकवणाऱ्याने गोड गोष्टीपासून दोन पावले दूर राहावे, म्हणून हे परंपरा म्हणूनच सांगते.

कागदावर जे आहे ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. आरागॉनचा राजा जाउमे पहिला याने १२३८ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकले. शहर रिकामे करवले, घरे आणि जमिनी आपल्या माणसांत वाटल्या. पण १२३९ मध्ये त्याने पाटांबद्दल जे फर्मान काढले त्याचा आशय असा, की एक शाही पाट सोडून बाकीचे नव्या रहिवाशांना दिले आहेत आणि त्यांनी पाणी मुसलमानांच्या काळी चालत आले त्याच रीतीने घ्यावे. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा रिवाज कायदा म्हणून लिहून ठेवला! यात उदारपणा नव्हता. उत्तरेकडून आलेल्या सैनिकांना हे पाट कसे चालतात हे ठाऊकच नव्हते. एका पाटाची रीत मोडली तर खालचे दहा मळे सुकतात आणि राजाचा महसूल बुडतो. मग ठिकठिकाणी म्हाताऱ्या मुसलमानांना विचारण्याची वेळ आली: तुमच्या वेळी इथे पाणी कसे वाटले जात असे?

थॉमस ग्लिक या अमेरिकन इतिहासकाराने १९७० मध्ये मध्ययुगीन व्हॅलेन्सियाच्या सिंचनावर पुस्तक लिहिले. त्याने दाखवले की इथली वाटणी दमास्कसच्या बागायतीतल्या वाटणीशी मिळतीजुळती आहे. नदीत पाणी किती, हे न मोजता ते हिश्श्यांत वाटायचे. नदी भरलेली असेल तर प्रत्येकाचा हिस्सा मोठा, आटली तर सगळ्यांचा लहान. पाटावरचे शब्दही मागे राहिले. बंधाऱ्याला 'असूद', ते अरबी 'अस-सुद्द'. पाटाच्या अधिकाऱ्याला जुन्या कागदांत 'साबासेकिया', तो 'साहिब-अस-साकिया'. न्यायालयाचा पुकारा करणारा शिपाई 'अल्ग्वासील', तो आपला 'वजीर'. वजिराचा शिपाई झाला, पण नोकरीत राहिला.

आता ही जुनी गोष्ट विसाव्या शतकातल्या विद्वानांच्या हातात कशी गेली ते पाहू. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा मुख्य विषय लोकसंख्या होता, पण जगाच्या लक्षात राहिले ते त्यातले कुरण. सगळ्यांचे कुरण असेल तर प्रत्येक गुराखी विचार करतो, आणखी एक जनावर सोडले तर फायदा माझा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. सगळे असाच विचार करतात आणि कुरण उजाड होते. उपाय काय? एकतर कुरणाचे तुकडे करून मालकी द्या, नाहीतर सरकारने दंडुका घेऊन बसावे. हा लेख इतका पटला की कितीतरी देशांत सामाईक जंगले आणि तलाव सरकारने ताब्यात घेताना हेच कारण पुढे आले. साधी माणसे आपसांत बोलू शकतात, नियम करू शकतात, ही शक्यताच त्या कुरणात नव्हती.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ती शक्यता शोधली. त्यांचा जन्म १९३३ चा, लॉस एंजेलिसचा. शाळेत असताना त्यांना त्रिकोणमिती घेऊ दिली नाही. मुलींसाठी तेव्हा बीजगणित-भूमितीत उत्तम गुणांची अट असे. पुढे गणित कमी म्हणून अर्थशास्त्रातल्या पीएच.डी.चे दार बंद झाले आणि त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. (आमच्याकडे दहावीनंतर 'मुलीला गणित कशाला' म्हणणारे पालक भेटले की मी ही हकिकत सांगते.) त्यांचा प्रबंध १९६५ चा, लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर. उपसा इतका झाला होता की विहिरींत समुद्राचे खारे पाणी शिरू लागले होते, आणि उपसणाऱ्यांनीच एकत्र येऊन त्यावर मार्ग काढला. हे हार्डिनच्या लेखाच्या तीन वर्षे आधीचे काम. मग स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, फिलिपिन्सचे कालवे आणि स्पेनच्या हुएर्ता यांवर इतरांनी केलेला अभ्यास त्यांनी गोळा केला, आपलाही जोडला, आणि १९९० मध्ये सामाईक साधनांच्या कारभारावरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री, जिला अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला घेतले नव्हते.

त्यांच्या पुस्तकात व्हॅलेन्सियाची एक तारीख आहे: २९ मे १४३५. त्या दिवशी बेनाचेर आणि फायतानार या पाटांचे ८४ हिस्सेदार संत फ्रान्सिसच्या मठात जमले आणि त्यांनी आपल्या पाटाचे नियम लिहून संमत केले. पाणी कोणाला मिळणार, कोरड्या वर्षी काय करायचे, डागडुजीचा खर्च कसा वाटायचा, अधिकारी कसे निवडायचे, दंड काय. राजाने पाठवलेला माणूस हे लिहीत नव्हता.

ऑस्ट्रॉम यांचा खरा प्रश्न पुढचा आहे. नियम लिहिणे सोपे, पाळतात का? शेतकऱ्याला रात्री शेजाऱ्याचे पाणी वळवण्याचा मोह होत नसेल? होतोच. पण पाळीची रचना अशी, की माझी पाळी संपताच तुझी सुरू होते. तू तुझ्या बांधावर दार उघडायला उभा असतोस, कारण पाणी आले तेव्हा तू हजर नसशील तर पाळी हुकते. म्हणजे मी जास्त वेळ पाणी घेतो का, हे पाहायला तू आपोआप तिथे असतोस. पहारा वेगळा ठेवावा लागत नाही. पाटाच्या राखणदारांना मोजकेच काम उरते. आणि दंड? बहुतेक दंड किरकोळ. एकदा चुकलेल्या माणसाला उद्ध्वस्त केले तर तो पुन्हा पाटावर येणार नाही, आणि पाट त्याच्याशिवाय चालणार नाही. चूक वाढत गेली तर शिक्षा वाढते.

हे वाचताना मला आमच्या भागातली फड पद्धत आठवली. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत आणि मोसम तर आमच्या मालेगावातूनच वाहते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, दरवर्षी पीक फिरवायचे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे कोणी एकटा बुडत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार, आणि पगार गावाकडून. दमास्कसचे कोणी इथे शिकवायला आले नव्हते. कोरडी जमीन आणि आटणारी नदी सगळीकडे साधारण तेच शिकवते. विहिरी आणि मोठी धरणे आल्यावर बरेच फड मोडले.

पण व्हॅलेन्सियाच्या गोष्टीत एक काटा आहे, आणि तो न दाखवता पुढे जाणे मला जमत नाही. ऑस्ट्रॉम यांच्या नियमांच्या यादीत पहिला नियम हद्दीचा आहे: हिस्सेदार कोण आणि कोण नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. त्याशिवाय सहकार टिकत नाही. मात्र हद्द नेहमी पाटावरचे लोकच आखतात असे नाही. १५२० च्या दशकात व्हॅलेन्सिया राज्यातल्या मुसलमानांचे सक्तीने धर्मांतर झाले. १६०९ मध्ये राजा तिसरा फिलिप याने त्यांच्या वंशजांना, मोरिस्को म्हटल्या जाणाऱ्यांना, देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला. व्हॅलेन्सिया राज्याची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती, एक लाखाहून जास्त माणसे, जहाजांत भरून उत्तर आफ्रिकेकडे नेली गेली. शहराजवळच्या हुएर्तात तेव्हा बहुतेक ख्रिस्ती शेतकरीच होते. मोरिस्कोंची गावे आतल्या भागात. ती गावे ओस पडली. नियम राहिले, शब्द राहिले, शब्द आणणारे गेले. साडेतीनशेहून जास्त वर्षांचा शेजार, त्या एका हुकुमापुढे कुठेच आडवा आला नाही.

इब्न खल्दूनचे घराणे मूळचे सेव्हिलचे. १२४८ मध्ये ते शहर पडण्याच्या आधी ट्युनिसकडे निघालेले. १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्याने माणसाला सहकार्य का लागते हे भाकरीवरून समजावले आहे: दळणारा, मळणारा, भाजणारा, आणि त्यांची अवजारे करणारे लोहार-सुतार, इतके हात लागल्याशिवाय एका माणसाचे एका दिवसाचे पोट भरत नाही. सहकार्याला त्याचा शब्द 'तआवुन', तोच उर्दूत आजही आहे. गटाला बांधून ठेवणाऱ्या ओढीला त्याने 'असबिया' म्हटले. या शब्दाच्याच धातूतून उर्दूत 'तअस्सुब' आला आहे, म्हणजे पूर्वग्रह, दुसऱ्याबद्दलचा आकस. एका मुळाच्या या दोन फांद्या मी वर्गात अजून शिकवलेल्या नाहीत. कशा शिकवाव्यात, ते ठरत नाही.

आणि पाटावरचे लोकही संत नव्हते. व्हॅलेन्सियाचाच लेखक ब्लास्को इबान्येस याच्या 'ला बाराका' या १८९८ च्या कादंबरीत बाहेरून आलेला शेतकरी बातिस्ते याच गुरुवारच्या न्यायालयासमोर खोट्या आरोपावरून उभा राहतो आणि त्याला दंड होतो, कारण सगळी हुएर्ता त्याच्याविरुद्ध एक झालेली असते. नियम सगळे पाळले जातात, आणि त्याचे पीक वाळू लागते.

न्यायालय अजून भरते. २००९ मध्ये, ऑस्ट्रॉम यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, मुर्सियाच्या अशाच न्यायालयासह त्याची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. चर्चसमोर पर्यटक मोबाइल उंच धरून उभे असतात. बाराचे ठोके पडतात. अल्ग्वासील पुढे येतो आणि एकेका पाटाचे नाव घेऊन विचारतो, या सेकियाचे कोणी आरोपी आहेत का. क्वार्त, बेनाचेर आणि फायतानार, तोर्मोस, मिस्लाता, मेस्ताल्या, फावारा, रास्कान्या, रोव्हेल्या. बहुतेक गुरुवारी कोणीच पुढे येत नाही. काळ्या अंगरख्यातले शेतकरी उठतात आणि घरी जातात.