आठ सेकंदे आणि एक दम

फोंडा म्हटले की परगावच्या माणसास हटकून गोव्यातले फोंडे आठवते, आणि मग आम्हांस ‘ते नव्हे, दाजीपूरच्या घाटाखालचे’ असा खुलासा करावा लागतो. त्या खुलाशात आमच्या फोंडाघाटाचा सारा भूगोल येऊन जातो. गावातला रस्ता घाट चढून दाजीपूर, राधानगरी करीत कोल्हापुरास पोहोचतो. दक्षिणेकडे निघाले तर सावंतवाडी ओलांडून गोवा. म्हणजे दोन फुटबॉलवेड्या मुलखांच्या मधोमध आम्ही. कोल्हापुरात तर तालमींनीच फुटबॉलचे संघ पोसले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची की फुटबॉलच्या संघांची, हा प्रश्न तिथे कोणास पडत नाही. मधल्या कोकणपट्टीचा खेळ मात्र हुतुतू. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यात आम्ही हे दोन्ही खेळ एकाच संध्याकाळी खेळत असू, आणि वेळकाढूपणा म्हणजे काय याचे पहिले ज्ञान आम्हांस त्याच मळ्यात झाले.

घड्याळ कोणाकडेच नसे. चेंडू दिसेनासा झाला की सामना संपला, एवढाच करार. साहजिकच एका गोलने पुढे असलेल्या संघाचा गोलरक्षक शेवटच्या अर्ध्या तासात फार धार्मिक होई. चेंडू हाती आला की तो छातीशी कवटाळून आकाशाकडे पाही, तळव्यातला नसलेला काटा काढी, चेंडू टप्पे देत देत आपल्याच गोलासमोर फेऱ्या घाली. आम्ही ओरडत राहू आणि काळोख आपले काम करी. अशा एका संध्याकाळी आम्ही हरलो. त्याला बरीच वर्षे झाली, तरी तो पराभव आम्ही अद्याप मान्य केलेला नाही. परंतु आम्हांस खरे नवल वाटे ते वेगळ्याच गोष्टीचे. तीच मुले, तोच मळा, तोच काळोख. पण हुतुतूत हे ढोंग फार वेळ टिकत नसे. असे का व्हावे?

फुटबॉलमध्ये गोलरक्षकास हात लावण्याची मुभा १८७१ च्या नियमांत स्पष्ट झाली, आणि खेळाचे हे एकमेव अपवादात्मक पद निर्माण झाले. अकरांपैकी दहांना निषिद्ध ते एकाला विहित. विशेषाधिकार आला की त्याचा गैरवापर आला, आणि त्यामागोमाग कुंपणही आले. प्रारंभी तो आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळू शके. लीघ रिचमंड रूज नावाचा वेल्सचा एक अवलिया गोलरक्षक चेंडू हाताने आपटत मध्यरेषेपर्यंत चाल करून जाई; १९१२ साली हाताचा अधिकार पेनल्टी क्षेत्रापुरता मर्यादित झाला, त्याचे श्रेय पुष्कळजण त्यालाच देतात. १९३१ मध्ये चेंडू धरून टाकावयाची पावले दोनांवरून चार केली गेली. पण पावले मोजून वेळ मोजता येत नाही. चार पावले टाकायची, चेंडू खाली ठेवून पायाने थोडा पुढे न्यायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा चार पावले. १९६७ साली नियमात ‘निव्वळ वेळ दवडण्याचे डावपेच’ हा गुन्हा म्हणून आला. ऐंशीच्या दशकात, एकदा सोडलेला चेंडू लगेच पुन्हा हाती घेण्यावरही निर्बंध आले. तरीही एक दार सताड उघडे होते. सहकाऱ्याने मागे ढकललेला चेंडू गोलरक्षकाने खुशाल उचलावा, त्यास कोणाची हरकत नव्हती. शेजारच्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारताचा गोल राखीत, त्या काळी साऱ्या जगाचा रिवाज हाच होता. त्यात कोणास काही वावगे दिसत नसे.

ते दिसले १९९० मध्ये. इटलीतील विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, सामन्यामागे सव्वादोनसुद्धा नाहीत. इतकी कोरडी स्पर्धा आधी झाली नव्हती. पालेर्मोचा आयर्लंड-इजिप्त सामना गोलशून्य सुटला. त्याचे स्मरण आजही निघते ते खेळामुळे नव्हे, तर चेंडू पुनःपुन्हा गोलरक्षकाकडे परतत राहिल्यामुळे. त्या वर्षी गावातल्या मोजक्या दूरदर्शन संचांपैकी एकासमोर दाटीवाटीने बसून आम्ही ही स्पर्धा पाहिली. मळ्यातला आमचा जुना शत्रू पडद्यावर, तोही आंतरराष्ट्रीय गणवेशात पाहून आम्हांस काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. १९९२ च्या युरोपीय स्पर्धेत डेन्मार्कने जर्मनीला २-० असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हाही आघाडी राखताना चेंडू पीटर श्मायकेलच्या हाती सुखाने परतत होता. परंतु तो या रिवाजाचा शेवटचा मोठा उत्सव ठरला. त्याच वर्षी नियम बदलला: सहकाऱ्याने पायाने हेतुपुरस्सर मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यावयाचा नाही. बार्सिलोना ऑलिंपिकपासून तो लागू झाला.

फुटबॉलच्या इतिहासात इतका छोटा आणि इतका परिणामकारक बदल दुसरा नसावा, असे आमचे मत आहे. ‘वेळ काढू नये’ असा उपदेश त्यात कोठेही नाही. वेळ काढण्याचे साधनच त्याने काढून घेतले. पंचाला घड्याळ पाहावे लागत नाही, कोणाच्या मनात काय आहे याचा फारसा शोध घ्यावा लागत नाही. पास पायाने आला की हात बंद. गोलरक्षकांना उतारवयात पायाने खेळणे शिकावे लागले, हा भाग निराळा.

याच्या नेमके उलटे उदाहरण पुढे लगेच घडले. १९९७ मध्ये पाच-सहा सेकंदांहून अधिक काळ चेंडू धरणे हा वेळकाढूपणा समजावा असे ठरले, आणि २००० साली चार पावलांचा जुना हिशोब बाद करून सहा सेकंदांची मर्यादा उरली. कागदावर नियम स्वच्छ होता. शिक्षा होती अप्रत्यक्ष फ्री किक, तीही गोलाच्या तोंडाशी, पेनल्टी क्षेत्राच्या आत. दोन-तीन सेकंदांच्या आळसाला जवळजवळ गोलाएवढा दंड! कोणता पंच तो करणार? परिणामी गोलरक्षक दहा, बारा, पंधरा सेकंद चेंडू कुशीत घेऊन लोळू लागले आणि पंच दुसरीकडे पाहू लागले. शिक्षा जितकी जबर तितका धाक अधिक, असा आपला एक समज असतो. इथे जबर शिक्षेनेच नियम मारला.

तो अगदी मेला नव्हता, हे ६ ऑगस्ट २०१२ रोजी मँचेस्टरमध्ये कळले. लंडन ऑलिंपिकमधील महिलांच्या उपांत्य सामन्यात कॅनडा अमेरिकेविरुद्ध ३-२ असा पुढे असताना पंच क्रिस्टिना पेडरसन यांनी कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅक्लाउड हिला याच नियमाखाली दोषी ठरवले. त्या फ्री किकवर चेंडू कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली, आणि जादा वेळेच्या अखेरीस अमेरिकेने सामना ४-३ असा जिंकला. नियमाचा अर्थ लावण्यात पंचांची चूक झाली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तरीही अन्याय झाल्याची भावना कॅनडात राहिली, आणि आम्हांसही ती पटते. बारा वर्षे कोणी वाचत नव्हते ते कलम एका संध्याकाळी एकाच व्यक्तीसाठी मोठ्याने वाचले गेले, एवढेच तिचे दुर्दैव.

आता हुतुतूकडे वळू. कबड्डीच्या लेखी नियमांची बांधणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाली; संजीवनी, गामिनी, अमर या प्रकारांतून संजीवनी हाच पुढे प्रमाण ठरला. पण या सगळ्याच्या आधीपासून त्यात एक घड्याळ होते: दम. चढाई करणाऱ्याने एका श्वासात घोष करीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जावे, आणि श्वास सुटण्याच्या आत मध्यरेषा गाठावी. दम तिथेच सुटला तर बाद. अर्थात वेळ दवडणाऱ्याच्याच छातीत वेळ मोजणारा बसलेला असे. घोष मोठ्याने असल्यामुळे तो मोजणारा सर्वांना ऐकूही येई. मळ्यातला तो धार्मिक गोलरक्षक हुतुतूत निरुपाय का होई, याचे उत्तर आम्हांस फार उशिरा मिळाले.

अर्थात याला फार गोंडस रूप देण्याचे कारण नाही. श्वासही चोरता येतो. घोष पुटपुटत मधेच हवा ओढणारे बहाद्दर प्रत्येक गावात होते, आणि पंचाचे कान किती तीक्ष्ण यावर निकाल लटके. शेवटी कबड्डीलाही घड्याळ बांधावे लागले आणि चढाईला तीस सेकंदांची मर्यादा पडली. मग आघाडीवरच्या संघाने दुसरी वाट काढली: निदानरेषा कशीबशी ओलांडायची आणि कोणाला न शिवता परत यायचे. निर्फळ, पण नियमशीर. त्यावरचा तोडगा घरोघरी माहीत झाला तो २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीमुळे. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर चढाईपटू बाद. दंड एका गुणाचा आणि एका गड्याचा. झोंबणारा, पण सामना उलथवून टाकणारा नव्हे, म्हणून पंचाचा हात कचरत नाही. मात्र या तोडग्यानेही नवे दुखणे जन्मास घातले. काही संघ पहिल्या दोन चढाया मुद्दामच कोऱ्या सोडून तिसरीची वाट पाहू लागले, आणि जी मंदगती घालवायची तीच वेळापत्रक लावून परत आली.

फुटबॉलला ही दंडाच्या किमतीची गोष्ट उमगली २०२५ मध्ये. १ मार्चला बेलफास्ट येथे नियममंडळाने ठरवले की गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू धरला तर प्रतिस्पर्ध्यास कॉर्नर किक मिळेल, आणि शेवटची पाच सेकंदे पंच हात वर करून बोटांवर मोजून दाखवील. सेकंदे दोन वाढवली, शिक्षा उतरवली, आणि मोजणी सर्वांदेखत आणली. जूनमधील क्लब विश्वचषकात मामेलोडी सनडाउन्सचा रॉनवेन विल्यम्स या नियमात सापडला. कोणाचे राज्य बुडाले नाही, एक कॉर्नर गेला. गोलरक्षक अजूनही पोटरी धरून खाली बसतो आणि त्या निमित्ताने सारा संघ प्रशिक्षकाभोवती गोळा होतो. त्यावर बोटे मोजून उपाय नाही. पण वर आलेल्या त्या पाच बोटांत आम्हांस हुतुतूचा घोष ऐकू येतो. घड्याळ पुन्हा सर्वांना कळेल अशा ठिकाणी आले आहे.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो असता संध्याकाळी मुलांचा सामना पाहण्याचा योग आला. पंच म्हणून उभ्या असलेल्या तरुणाने दूरचित्रवाणीवर पाहिल्याप्रमाणे हात वर केला. तोच बांधावरच्या पोरांनी स्वतःच मोजणी सुरू केली. पंचाची दोन बोटे मिटली होती तोवर त्यांचे मोजून संपले होते, आणि गोलरक्षकाने घाबरून चेंडू सरळ ओढ्यात मारला. तो शोधण्यात पाच मिनिटे गेली.