अस्सल कागद आणि सैनिकाची साक्ष

इतिहासाच्या अध्यापनात मूळ साधनांचा आग्रह धरला जातो, तेव्हा त्यामागे एक गृहीतक असते: घटनेच्या काळी लिहिलेला कागद घटनेला जवळचा, आणि मागाहून सांगितलेली आठवण तिच्यापासून दुरावलेली. अमेरिकी इतिहासाच्या वर्गात हे गृहीतक तपासायचे, तर माय लाय प्रकरणाइतके कठोर उदाहरण क्वचितच सापडेल.

१६ मार्च १९६८ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील सोन माय गावात, मुख्यतः चार्ली कंपनीच्या अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र स्त्रिया, मुले व वृद्ध यांची हत्या केली. व्हिएतनामी गणनेनुसार मृतांची संख्या ५०४ होती. लष्कराने त्या वेळी जे जाहीर केले, त्यात मात्र १२८ शत्रू ठार आणि तीन शस्त्रे जप्त एवढेच होते. काळ, कर्तृत्व, अधिकृतता या बाह्य कसोट्यांवर हा कागद निर्विवाद अस्सल आहे. खोटे आहे ते त्याचे निवेदन. तरीही तो टाकाऊ ठरत नाही. १२८ आणि तीन या आकड्यांतील विसंगती त्याच मजकुरात उघडी पडलेली आहे, आणि मृतदेहांच्या संख्येवर यश मोजणाऱ्या युद्धयंत्रणेची भाषाही.

या निवेदनाला तडा गेला तो मौखिक कथनांमुळे. रॉन रायडेनअवर हा सैनिक घटनास्थळी नव्हता. चार्ली कंपनीतील परिचितांनी निरनिराळ्या वेळी सांगितलेल्या हकीकती त्याने जुळवल्या आणि मार्च १९६९ मध्ये त्या पत्ररूपाने लोकप्रतिनिधींकडे व लष्करी अधिकाऱ्यांकडे पाठवल्या. रूढ प्रमाणशास्त्रानुसार ही ऐकीव माहिती. पण कोणी सांगितले, कोणी स्वतः पाहिले, कोण केवळ ऐकून होता, हा भेद त्या पत्रात जपलेला आहे. निवेदकांची ही श्रेणी सांभाळण्यातच त्याची विश्वसनीयता आहे. पुढे जनरल पिअर्स यांच्या चौकशीत सुमारे ४०० साक्षी झाल्या. १९७० मध्ये पूर्ण झालेला तो अहवाल १९७४ मध्ये जनतेसमोर आला.

म्हणून साक्षीला कागदाच्या गादीवर बसवावे, असे नव्हे. परतलेल्या सैनिकांवर विमानतळांवर निदर्शक थुंकले, ही व्हिएतनाम युद्धाच्या स्मृतीतील प्रसिद्ध कथा. स्वतः त्या युद्धात गेलेले समाजशास्त्रज्ञ जेरी लेम्बकी यांनी १९९८ च्या ‘द स्पिटिंग इमेज’मध्ये तिची चिकित्सा केली. समकालीन पुरावा त्यांना आढळला नाही. चित्रपटांनी त्या प्रतिमेला दिलेला आकार मात्र आढळला. त्यांच्या निष्कर्षावर वाद झाले. वर्गात उपयुक्त आहे तो त्यातील प्रश्न: प्रामाणिकपणे आठवणाऱ्याच्या आठवणीत सामूहिक कथानक केव्हा शिरते? आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी इटलीतील एका कामगाराच्या मृत्यूसंबंधी हाच प्रश्न विचारला होता. १९४९ मधील मृत्यू लोक १९५३ सालचा म्हणून सांगत. त्या चुकीतच त्यांना अर्थ सापडला.

अमेरिकी काँग्रेसने २००० साली कायदा करून सैनिकांच्या मुलाखतींचा प्रकल्प सुरू केला. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील त्याच्या संग्रहांची संख्या आता लाखापलीकडे गेली आहे. अध्यापकाला हे मोठेच धन; परंतु हा निवेदक मुख्यतः अमेरिकी सैनिक आहे. ज्यांच्या अंगणात युद्ध झाले, त्यांना या संग्रहात निवेदकाची जागा नाही. बिल्टन व सिम यांच्या १९९२ च्या ‘फोर अवर्स इन माय लाय’मध्ये सैनिकांसोबत बचावलेले गावकरीही बोलतात. मात्र वर्गातल्या विद्यार्थ्यापर्यंत त्यांचे बोलणे पोचते ते भाषांतरातून, इंग्रजीत.