दुर्बिणीची बैठक

बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून शिकारीची एखादी तरी गोष्ट ऐकावयास मिळतेच. दिवाणखान्यातील काळविटाची शिंगे, कडांना पिवळे पडलेले छायाचित्र आणि 'एकाच गोळीत' या शब्दांनी संपणारी कथा ही या घरांची सामायिक ठेव होय. अशा कथेत अचूकता नेहमी शिकाऱ्याच्या डोळ्याची व हाताची असते. बंदूक सज्ज करून देणाऱ्या मिस्त्रीचा उल्लेख तीत क्वचितच येतो. विशेषतः रायफलीवर दुर्बीण बसविण्याचे काम इतके बारीक की इतिहासकारांनाही ते दिसले नाही. तरीही जनावराला मरण झटपट येणार की हालहाल होऊन, हे बरेचसे त्या कामावर ठरत असे. म्हणून त्याची ही हकीकत.

बडोद्याच्या शिकारीची कीर्ती प्रथम बंदुकीची नव्हती, चित्त्याची होती. गाडीवरून माळावर नेलेला, डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता काळविटांच्या कळपावर सोडावयाचा, हा गायकवाडी दरबाराचा प्रसिद्ध खेळ. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्यास आले, तेव्हा त्यांनाही तो दाखविण्यात आला. बारा वर्षांचे सयाजीराव महाराज त्याच वर्षी गादीवर आले होते. संस्थानात रानेही होती. नवसारी प्रांतात सोनगड-व्यारा भागातील जंगल होते आणि अमरेली प्रांतातील धारीच्या बाजूस गीर लागे. मात्र मचाणावरून वा हत्तीवरून होणारी वाघाची शिकार फार थोड्या अंतरावरची असे. तेथे नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच पुरेशी होती. जवळच्या घाईत दुर्बीण उलट अडचणच करी. दुर्बिणीचा खरा उपयोग उघड्या माळावर, कारण तेथे काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही.

ही कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत चॅपमन याने १८४० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नळीइतक्या लांब दुर्बिणीचे वर्णन केले आहे. त्याच सुमारास आपल्या शेजारच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातील डेव्हिड डेव्हिडसन हा अधिकारी दुर्बीण जोडलेली रायफल वापरीत होता. पुढे त्याच्या नावाची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलींच्या डाव्या अंगास बसवून अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) वापरली गेली.

काच घासणारे कारागीर तेव्हाही उत्तम होते. अडचण होती ती जोडाची. गोळी पुढे सुटते तशी रायफल मागे येते. रायफलीला घट्ट जोडलेल्या दुर्बिणीला तिच्याबरोबर मागे यावेच लागते. पण तिचे वजन आहे त्या जागी राहू पाहते. ही ओढाताण प्रत्येक बारास दोन कड्या आणि चार-सहा स्क्रू यांनी सोसावयाची असते. हिशेब साधा आहे. दोन कड्यांमधील अंतर १० सेंटिमीटर धरा. त्यांपैकी एक कडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतकी, सरकली तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते आणि २०० मीटरवर २० सेंटिमीटर. काळविटाच्या छातीतील मर्मस्थान जेमतेम वीतभर! म्हणजे कागदाएवढ्या फटीत शिकाऱ्याची सारी कीर्ती मावते.

यावर कारागिरांनी निरनिराळे उपाय योजिले. निशाणबाजीच्या काही दुर्बिणी कड्यांतून मुद्दाम सरकू दिल्या जात व दर बारानंतर हाताने पूर्ववत आणल्या जात. धक्क्याशी झगडण्यापेक्षा त्याला वाट देण्याची ही युक्ती. जर्मन-ऑस्ट्रियन कारागिरांनी नख्यांसारख्या आकड्यांची बैठक केली. तिच्यातून दुर्बीण काढून पुन्हा बसविली तरी नेम तोच राही, मात्र त्यासाठी प्रत्येक आकडा हाताने कानशीने घासून जुळवावा लागे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफील्डवर वरून काडतुसे भरता यावीत म्हणून दुर्बीण डावीकडे बसविली. परिणामी नेमबाजाला गाल दस्त्यावर नीट टेकवता येईना. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, हेच काम हॉलंड अँड हॉलंड या पेढीकडे आले. हिंदी संस्थानिकांना शिकारीच्या बंदुका पुरविणारी ही पेढी. तिने वीस हजारांहून अधिक रायफलींवर दुर्बिणी बसविल्या आणि प्रत्येक दुर्बिणीचा क्रमांक तिच्या रायफलीच्या दस्त्यावर ठोकला. एकीची दुर्बीण दुसरीला चालत नसे. हा जोड विवाहासारखा होता म्हणा ना!

या अनुभवातून जी पद्धत ठरली ती आजही बदललेली नाही. प्रथम बैठकीची जागा आणि स्क्रूंची भोके तेल पुसून कोरडी करावयाची, कारण तेलकट आटे धक्क्याने सैल होतात. बैठक पक्की झाल्यावर खालच्या अर्ध्या कड्या एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहावयाचे. वाकड्या कड्यांत आवळलेली नळी पिळवटते. डोळा आणि काच यांत सुमारे चार बोटे अंतर ठेवावयाचे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. दूर ओळंबा टांगून दुर्बिणीतील उभी रेघ त्याच्याशी जुळवावयाची. शेवटी कड्यांचे स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे, सारख्या जोराने आवळावयाचे. एकच बाजू आधी आवळली तर नळी कलते. यानंतर बार काढून नेम जुळवावयाचा आणि प्रत्येक प्रवासानंतर तो पुन्हा तपासावयाचा. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो आणि त्यानेही नेम ढळतो. १८९० साली कलाभवन स्थापन करणाऱ्या गावाला घाई न करता जोड जुळविण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

शिकाऱ्याचा नेम चुकला तर गोष्टीत फार तर हशा पिकतो. रानात तसे होत नाही. पोटात गोळी लागलेले काळवीट मैलोगणती जाऊन मरते. जखमी बिबट्या झाडीत दडतो आणि दुसऱ्या दिवशी तेथे जाणारा माणूस बंदूकवाला नसतो, गुराखी असतो. सैल स्क्रूची किंमत अशी तिऱ्हाईतच भरतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या कथांत त्याला जागा नसे. ही उणीव मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

आज हे प्रकरण संपले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. त्याआधीच, १९६९ मध्ये, वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा निघाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड झाले. चित्त्याच्या खेळासाठी नावाजलेल्या घराण्याचा हा प्रवास लहान नव्हे. नेमबाजी मात्र संपलेली नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही; बारीक छिद्राच्या चकतीतून नेम धरावा लागतो. पण ती चकतीही स्क्रूंनीच जागेवर राहते.

यापुढे घरातील जुन्या छायाचित्रात खांद्याला रायफल लावलेले आजोबा पाहताना त्यांच्या मुद्रेबरोबर त्या बंदुकीकडेही जरा पाहावे. त्यांचा डोळा चांगला असेलच. पण तो खरा ठरला तो कोणा अनाम मिस्त्रीने न कंटाळता आवळलेल्या स्क्रूंमुळे.